दंड भरला, तरी लायसन्सची नोटीस का?

*ताई, नमस्कार. मी नाशिकला राहतो, औषध कंपनीत एमआर आहे. सगळा दिवस मोटारसायकलवर जातो. इतकी वर्षं गाडी चालवतोय, कुणाला धक्का लावलेला नाही, दारूला शिवत नाही. गेल्या पावसाळ्यात द्वारका चौकाच्या अलीकडे चालत्या गाडीवर एका डॉक्टरांचा फोन घेतला आणि पोलिसांनी बाजूला घेतलं. ई-चलान झालं. दंड त्याच संध्याकाळी मोबाईलवरून भरून टाकला. आता आरटीओची कारणे दाखवा नोटीस आली आहे, की तुमचं लायसन्स तीन महिन्यांसाठी निलंबित का करू नये? दंड घेतला ना, मग हे काय? एकाच चुकीला दोनदा शिक्षा? ओळखीचा एजंट म्हणतो, उत्तर देऊ नका, काही होत नाही, झालंच तर मी बघतो. लायसन्स गेलं तर मी नोकरी कशी करू? आणि दारू, अपघात सोडून आणखी कशाकशाने लायसन्स जातं? आमचं एकत्र कुटुंब आहे. बायको स्कूटरवर दोन्ही मुलांना शाळेत सोडते, धाकट्या भावाची बुलेट आहे, बाहत्तर वर्षांचे वडील अजून मारुती चालवतात, मेहुणे ठाण्यात रिक्षा चालवतात आणि अकरावीला आमच्याकडे आलेली भाची स्कूटर शिकायची म्हणून मागे लागली आहे. सगळ्यांचाच घोर लागलाय.*
*– एक वाचक, नाशिक*

नमस्कार,

आधी सगळ्यात निकडीचं सांगते. नोटिशीला उत्तर द्या. मुदतीच्या आत द्या, लेखी द्या आणि स्वतः द्या. ‘काही होत नाही’ हा एजंटचा सल्ला तुमच्या नोकरीच्या मुळावर येईल. उत्तर आलं नाही, तर तुमचं म्हणणं काहीच नाही असं धरून आदेश निघतो. मग तो फिरवून घेणं जड जातं.

आता दोनदा शिक्षेबद्दल. तुम्हाला वाटलं तेच जवळजवळ सगळ्यांना वाटतं, कारण पावती मिळाली की विषय मिटला अशी आपल्याला सवय आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली मोठी दुरुस्ती झाली. त्यात तडजोड शुल्काच्या, म्हणजे आपण जागेवर किंवा मोबाईलवरून जो दंड भरतो त्याच्या, कलम २०० मध्ये एक वाक्य घातलं गेलं. तडजोड झाली म्हणून कलम २०६(४) खालच्या कारवाईतून चालक सुटत नाही, असं ते सांगतं. आणि २०६(४) म्हणजे नेमकी लायसन्सची कारवाई. काही ठरावीक गुन्ह्यांत पोलिसांनी लायसन्स ताब्यात घेऊन परवाना अधिकाऱ्याकडे, म्हणजे आरटीओकडे, पाठवायचं, अशी ती तरतूद आहे. दंड हा गुन्ह्याचा असतो. ‘हा माणूस तूर्त रस्त्यावर गाडी चालवायला योग्य आहे का’ हा प्रश्न कायद्याने वेगळा ठेवलाय आणि त्याचं उत्तर आरटीओने द्यायचं आहे. तुम्ही पैसे भरले तो एक भाग झाला, दुसरा आत्ता सुरू झालाय.

ही गोष्ट चलानच्या मेसेजमध्ये ठळक लिहिलेली नसते, याचा मला मनापासून राग येतो. दंड भरताना त्याच पडद्यावर ‘या गुन्ह्यात लायसन्स निलंबित होऊ शकतं’ एवढी एक ओळ दिली, तरी लाखो लोक सावध होतील.

२०६(४) मधली यादी एकदा घरात सगळ्यांना बसवून वाचून दाखवा. वेगमर्यादा ओलांडणं, धोकादायक चालवणं, दारू पिऊन चालवणं आणि शर्यत हे त्यात असणारच. पण त्याच यादीत ट्रिपल सीट आहे, हेल्मेट नसणं आहे, रुग्णवाहिकेला वाट न देणं आहे आणि कलम १९० खालची सदोष गाडीही आहे. ‘धोकादायक चालवणं’ म्हणजे कलम १८४, आणि त्यात काय काय येतं हे २०१९ पासून स्पष्ट लिहून ठेवलंय: लाल सिग्नल तोडणं, हातात फोन धरून चालवणं, चुकीच्या पद्धतीने ओव्हरटेक आणि राँग साइडने जाणं. पुढचा कट लांब आहे म्हणून दोनशे मीटर उलटं जाणारा माणूस स्वतःला कधीही धोकादायक चालक म्हणणार नाही. कायदा त्याला तेच म्हणतो. फोन तर त्याही आधीपासून रडारवर आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीने ऑगस्ट २०१५ मध्येच राज्यांना कळवलं होतं, की वाहन चालवताना मोबाईल वापरणाऱ्याचं, सिग्नल तोडणाऱ्याचं आणि वेगमर्यादा ओलांडणाऱ्याचं लायसन्स किमान तीन महिने निलंबित करा.

तुमच्या उत्तराकडे वळू. चलान आणि नोटीस शेजारी शेजारी ठेवा आणि दोन्हीकडे कलम कोणतं लिहिलंय ते बघा. तारीख, वेळ, गाडी नंबर, लायसन्स नंबर जुळतोय का तेही बघा. कलमांत किंवा तपशिलात फरक असेल, तर तो उत्तरात पहिल्याच परिच्छेदात मांडा. फरक नसेल, तर घडलं ते खरं लिहा. ‘फोन मी घेतलाच नाही’ किंवा ‘गाडी दुसराच चालवत होता’ असं लिहायचा मोह होईल. तसं करू नका. तुम्हाला थांबवून, लायसन्स बघून चलान केलंय. एक खोटं वाक्य सापडलं की बाकीच्या खऱ्या नव्वद टक्क्यांवरही विश्वास राहत नाही. (कॅमेऱ्यावरच्या चलानचं वेगळं असतं. तिथे चलान गाडीमालकाच्या नावाने येतं आणि गाडी खरोखरच दुसरा कुणी चालवत असेल, तर ते लेखी कळवणं मालकाचं कर्तव्यच आहे.)

परवाना अधिकाऱ्याला कलम १९(१अ) खाली तुम्हाला निलंबित करावंच लागतं असं नाही. तुमचं म्हणणं ऐकून तो तुम्हाला सोडूही शकतो. निलंबित करायचं झालं, तर पहिल्या वेळी तीन महिने आणि त्यासाठी सविस्तर कारणं लेखी नोंदवावी लागतात. म्हणून उत्तरात प्रत्यक्ष सुनावणीची मागणी करा. सोबत दंडाची पावती, कंपनीचं पत्र, कामाचं स्वरूप फिरतीचं असल्याचा पुरावा आणि आजवर दुसरं चलान नसेल तर तसं ठळक लिहून जोडा. आणि एक मागणी, जी फार कमी लोक करतात: आदेश ‘सगळ्या किंवा काही प्रकारच्या वाहनांसाठी’ काढता येतो असं कलमातच आहे. तुमच्याकडे कारचंही लायसन्स असेल, तर निलंबन झालंच तर ते फक्त मोटारसायकलपुरतं असावं, अशी पर्यायी विनंती शेवटी करा. ती मान्य होईलच असं मी सांगू शकत नाही, पण मागितल्याशिवाय कुणी देणार नाही. उत्तराच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घ्या. ती पोच जपून ठेवा.

आदेश विरोधात गेला तर तो हातात पडल्यापासून तीस दिवसांत अपील करता येतं. रस्त्यात कुणी पोलिसाने ‘तुमचं लायसन्स तीन महिने सस्पेंड’ असं तोंडी सांगितलं, तर तो आदेश नव्हे. पोलिस लायसन्स घेऊन पावती देऊ शकतात, पुढे पाठवू शकतात. निलंबन परवाना अधिकारीच करू शकतो, हे कलकत्ता उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलंय.

एजंटविषयी एवढंच, की निलंबनाची नोंद आता सारथी या ऑनलाइन प्रणालीत होते. कार्ड खिशात असलं किंवा डिजीलॉकरमध्ये दिसलं, तरी पोलिसाने नंबर टाकला की खरी स्थिती समोर येते. कार्ड सोडवून आणण्याचे पैसे देऊन काहीही साधत नाही.

आता घरातल्या बाकीच्यांकडे येते. तुम्ही विचारलंत ते बरं केलंत, कारण मला तुमच्याइतकीच काळजी वहिनींची वाटतेय. सकाळी स्कूटरवर एक मूल पुढे उभं आणि एक मागे, ही महाराष्ट्रातल्या प्रत्येक शाळेच्या दारातली गोष्ट आहे. कलम १२८ सांगतं, की दुचाकीवर चालकाशिवाय एकच माणूस. मूल लहान आहे म्हणून ते मोजायचं नाही, अशी सूट त्यात नाही. म्हणजे आई आणि दोन मुलं ही ट्रिपल सीट. तिला कलम १९४क लागतं: एक हजार रुपये दंड आणि तीन महिने लायसन्ससाठी अपात्र. मुलं चार वर्षांवरची असतील तर त्यांनाही हेल्मेट सक्तीचं आहे. चारच्या आतल्या मुलासाठी फेब्रुवारी २०२३ पासून बेल्टचा हार्नेस, मुलाच्या मापाचं हेल्मेट आणि ताशी चाळीसची मर्यादा आहे. आणि मागे बसणाऱ्याने हेल्मेट घातलं नाही, तर लायसन्स चालवणाऱ्याचं जातं. मुंबईत २०२२ मध्ये मागच्या माणसालाही हेल्मेट नसल्यास पाचशे रुपये दंड आणि तीन महिने निलंबन, असं वाहतूक पोलिसांनी जाहीर केलं तेव्हा बऱ्याच जणांना नवा कायदा आला असं वाटलं. कायदा जुनाच होता. वहिनींना दोष देऊन काही होणार नाही. दोन मुलांना वेगवेगळ्या वेळी सोडणं एकट्या बाईला शक्य नसतं. एका मुलासाठी रिक्षाकाका लावा किंवा सकाळची एक फेरी तुम्ही वाटून घ्या. घरातल्या पुरुषांनी अर्धा तास काढला, तर हा प्रश्न सुटतो.

धाकट्या भावाला थेट विचारा, सायलेन्सर कंपनीचा आहे की बदललेला? बुलेटच्या फटाकेबाजीला लोक शेजाऱ्यांचा त्रास एवढंच समजतात. कलम १९०(२) मध्ये आवाज आणि धूर यांच्या नियमांचा भंग येतो आणि त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, शिवाय लायसन्ससाठी तीन महिने अपात्रता आहे. पीयूसी संपलेली गाडीही याच कलमात अडकू शकते. पीयूसी थोड्याशा पैशांत, पाच मिनिटांत पेट्रोल पंपावर होते. केवळ विसरल्यामुळे लायसन्सवर गदा ओढवून घ्यावी अशी ती गोष्ट नाही. तुमचीही तारीख आजच बघा.

मेहुण्यांची बाब वेगळी आहे, कारण भाडं घेऊन माणसं नेणाऱ्या चालकांसाठी केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम २१ मध्ये बरंच काही जास्तीचं आहे. जवळचं भाडं नाकारणं, मीटरपेक्षा जास्त मागणं, कारण नसताना लांबच्या रस्त्याने नेणं, प्रवाशाशी उद्धट वागणं, गाडीत विडी-सिगारेट ओढणं, एवढंच काय, आंदोलनात रिक्षा रस्त्यातच सोडून वाहतूक अडवणं, हे सगळं लायसन्स काढून घेण्याचं कारण होऊ शकतं. ठाणे-मुंबईत प्रवासी आता फोटो काढून तक्रार करतात. सात-आठ तास रिक्षा चालवून दमलेला माणूस ‘तिकडे नाही जाणार’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात काय असतं ते मला समजतं. पण घर चालतं ते त्या बॅज आणि लायसन्सवर. मेहुण्यांना सांगा, घरी जायची वेळ झाली असेल तर रिक्षा स्टँडवर उभी करू नका, प्रवासी येईल अशा जागी थांबून नकार देऊ नका.

भाचीबद्दल मी कडक बोलणार आहे. अकरावीत म्हणजे सोळा-सतरा. या वयात आई-वडिलांच्या संमतीने मिळू शकतं ते लायसन्स गिअर नसलेल्या, पन्नास सीसीपर्यंतच्या दुचाकीचं. वहिनींची स्कूटर त्यात बसत नाही. ‘कॉलनीतल्या कॉलनीत’ म्हणून तिच्या हातात दिली आणि काही घडलं, तर कलम १९९अ लागतं: पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलीला वयाची पंचवीस वर्षं पूर्ण होईपर्यंत कसलंही लायसन्स नाही. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला अल्पवयीन मुलाच्या गाडीखाली दोन तरुण अभियंते गेले, त्यानंतर हे कलम घरोघर कळलं. हातात यायच्या आधीच लायसन्स गमावणं याहून वाईट काय असणार? ज्या वयात मुली नोकरीला लागतात, फिल्डवर जातात, ती सगळी वर्षं यात जातात. तिला सायकल द्या, सिटी बसचा पास काढून द्या. अठरा पूर्ण झाल्या दिवशी तुम्ही स्वतः तिला लर्निंग लायसन्सला घेऊन जा.

वडिलांचा विषय मी मुद्दाम मागे ठेवला, कारण तो कलमांपेक्षा नाजूक आहे. आधी तारीख बघा. पंचावन्न वर्षं पूर्ण झाल्यावर लायसन्सचं नूतनीकरण एका वेळी पाच वर्षांचंच होतं आणि बऱ्याच ज्येष्ठांना ते ध्यानात राहत नाही. पूर्वी मुदत संपल्यावर तीस दिवसांची सवलत असायची. २०१९ पासून ती गेली. मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवसापासून गाडी चालवणं म्हणजे विनालायसन्स चालवणं. नूतनीकरण मुदतीच्या वर्षभर आधीपासून करता येतं. मुदत संपून वर्ष उलटलं, तर पुन्हा चाचणी द्यावी लागते, आणि पन्नास वर्षं गाडी चालवलेल्या माणसाला ट्रॅकवर आठचा आकडा काढायला उभं करणं त्यांच्या जिवावर येतं.

दुसरी गोष्ट प्रकृतीची. नूतनीकरणाच्या वेळी जे घोषणापत्र भरतात त्यात फिट येते का, अचानक शुद्ध हरपते का किंवा चक्कर येते का, दिवसाउजेडी पंचवीस मीटरवरून गाडीची नंबर प्लेट प्रत्येक डोळ्याने वाचता येते का, रातांधळेपणा आहे का, असे प्रश्न असतात. चाळिशीनंतर डॉक्टरचा दाखलाही लागतो. लोक हा कागद एजंटकडून भरून घेतात आणि सगळीकडे ‘ठीक’ अशी खूण होते. खोटी माहिती देऊन मिळवलेलं लायसन्स कलम १९ खाली रद्द होऊ शकतं. शिवाय कलम १६ नुसार, आजारामुळे किंवा अपंगत्वामुळे चालक अयोग्य झालाय असं मानायला कारण असेल, तर परवाना अधिकारी मुदतीच्या मधेच लायसन्स रद्द करू शकतो किंवा वैद्यकीय दाखला मागू शकतो.

एका रविवारी सकाळी वडिलांना चष्मा घालून गेटपाशी उभं करा. पंचवीस मीटर म्हणजे साधारण तीस-पस्तीस पावलं. तिथे तुमची मोटारसायकल उभी करा आणि त्यांना एकेक डोळा झाकून नंबर वाचायला सांगा. तुमच्या घरच्या गाडीचा नंबर त्यांना पाठ असेल, म्हणून शेजाऱ्याची गाडी घ्या. अडखळले तर आधी नेत्रतज्ज्ञ. मोतीबिंदू असेल तर शस्त्रक्रियेनंतर कित्येक जण पुन्हा व्यवस्थित गाडी चालवतात. पण चक्कर येत असेल, साखर अचानक खाली जात असेल, तर त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांनाच त्यांच्याशी बोलू द्या. मुलाने ‘बाबा, आता गाडी बंद’ म्हटलेलं लागतं. तेच डॉक्टरांनी सांगितलं तर पटतं. आणि गाडी थांबवायची वेळ आली, तर त्यांची भाजी, बँक, मित्रांकडे जाणं कसं चालू राहील, ते त्याच दिवशी ठरवा. चाक हातातून गेलं की ज्येष्ठ माणूस घरात कोंडला जातो, आणि ते मी बऱ्याच घरांत पाहिलंय.

तुम्ही अपघात केला नाही म्हणालात, त्यावर एक गोष्ट सांगायलाच हवी. नुसता अपघात झाला म्हणून लायसन्स जातं असं नाही. अपघातानंतर पळून जाणं हे मात्र नियम २१ मध्ये सरळ लिहिलेलं कारण आहे. जखमीला दवाखान्यात न्यायचं, जवळच्या पोलिस ठाण्यात लवकरात लवकर आणि जास्तीत जास्त चोवीस तासांत कळवायचं, विमा कंपनीला कळवायचं, ही कलम १३४ ची जबाबदारी आहे. जमावाचा राग अनावर झाला असेल तर तिथून निघून थेट ठाण्यात जा, कायद्याला ते समजतं. ठाण्याऐवजी घरी जाऊन दार लावून घेतलं, की साधा अपघात चालकाच्या अंगाशी येतो.

आता समजा, तुमचं उत्तर जाऊनही तीन महिन्यांचं निलंबन झालंच. इथे मी तुमच्याकडून शब्द मागते. त्या तीन महिन्यांत एकदाही गाडीला किक मारायची नाही, कोपऱ्यावर दूध आणायलासुद्धा नाही. निलंबित असताना चालवलं तर कलम १८२ खाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही. पण मला भीती दंडाची नाही. मी मोटार अपघात दाव्यांचं काम करते आणि घरं उद्ध्वस्त होतात ती विम्याच्या कागदावर. तुमची पॉलिसी काढा आणि त्यात ‘चालक’ या शीर्षकाखालचा मजकूर वाचा. विमा त्याच चालकाला लागू असतो ज्याच्याकडे वैध लायसन्स आहे आणि जो ते बाळगण्यास अपात्र ठरवलेला नाही. निलंबनाच्या काळात तुम्ही नेमके ‘अपात्र’ असता. गाडीच्या नुकसानीचे पैसे नाहीत. मालक-चालकाचं जे पंधरा लाखांचं अनिवार्य वैयक्तिक अपघात संरक्षण असतं, त्यालाही वैध लायसन्सची अट आहे. म्हणजे तुमच्या जिवाला काही झालं, तर वहिनींना ते पंधरा लाखही नाकारले जाऊ शकतात. आणि समोरचा माणूस जखमी झाला किंवा गेला, तर न्यायाधिकरण बहुतेकदा विमा कंपनीला आधी भरपाई द्यायला लावतं आणि नंतर ती गाडीमालकाकडून वसूल करायची मुभा देतं. सर्वोच्च न्यायालयाचा २००४ चा स्वरणसिंग निकाल मालकाला एक आधार देतो: अटीचा भंग मालकाने जाणूनबुजून केला हे कंपनीने सिद्ध करावं लागतं. पण आदेश तुमच्याच हातात पडलेला, गाडी तुमचीच आणि चालवणारे तुम्हीच. तिथे काय बाकी राहतं सिद्ध करायला? ती वसुली दहा-वीस लाखांची असू शकते आणि ती घरावर येते.

नोकरीसाठी वेळ असतानाच हालचाल करा. नोटीस आली आहे हे मॅनेजरला आजच सांगा. निलंबन झाल्यावर अचानक कळण्यापेक्षा ते बरं. तीन महिने शहरातले डॉक्टर तुम्ही घ्या आणि सिन्नर-इगतपुरीकडचा भाग सहकाऱ्याकडे द्या, अशी अदलाबदल बहुतेक ठिकाणी होते. शहरात फिरायला बस आणि शेअर रिक्षा आहेत. विजेवर चालणाऱ्या काही कमी वेगाच्या स्कूटर कायद्याने ‘मोटार वाहन’च नसतात: मोटर पाव किलोवॉटपेक्षा कमी, वेग ताशी पंचवीसच्या आत आणि बॅटरी सोडून वजन साठ किलोपर्यंत. त्यांना लायसन्स लागत नाही, त्यामुळे निलंबनातही त्या चालवता येतात. पण घेताना किंवा भाड्याने आणताना विक्रेत्याच्या शब्दावर जाऊ नका, मान्यतेचा कागद बघा. वेग वाढवून दिलेल्या कितीतरी गाड्या बाजारात फिरतात आणि त्या पकडल्या गेल्या तर तुम्ही पुन्हा कलम १८२ मध्ये अडकाल. हेल्मेट तिथेही घाला.

दुसऱ्यांदा असं होऊ देऊ नका, हे वेगळं सांगायला नको, पण त्याचं कारण सांगते. कलम १९(१अ) मध्ये पहिल्या वेळी तीन महिने आहेत, दुसऱ्या वेळी थेट लायसन्स रद्द आहे आणि रद्द झालेल्यांची नावं जाहीर करायचीही तरतूद आहे. तुमच्या धंद्यात डॉक्टरांचे फोन चुकवता येत नाहीत हे मान्य. गाडी सुरू करण्यापूर्वी फोन सायलेंट करा आणि ‘गाडीवर आहे, पंधरा मिनिटांत करतो’ असा मेसेज आपोआप जाईल अशी सोय लावा. रस्ता बघण्यासाठी फोन स्टँडवर लावलेला चालतो, हातात घेतलेला किंवा हेल्मेटमध्ये खोचलेला चालत नाही.

शेवटची गोष्ट तीन महिने संपतील त्या दिवसाची. मुदत संपली म्हणून लायसन्स आपोआप परत मिळत नाही. मान्यताप्राप्त ड्रायव्हिंग स्कूलमधून चालकांचा उजळणी अभ्यासक्रम पूर्ण केल्यावरच ते परत द्यायचं, असं कलम १९ मध्ये आहे. आदेश मिळाल्या आठवड्यातच आरटीओत विचारा, की हा अभ्यासक्रम कुठे होतो, आणि तो निलंबनाच्या काळातच उरकून घ्या. प्रमाणपत्र जमा करा, पोच घ्या. मग सारथीवर तुमचा लायसन्स नंबर टाकून स्थिती ‘अॅक्टिव्ह’ दिसते का बघा. तसं दिसेपर्यंत गाडीची चावी वहिनींकडे असू द्या.